चारशे सतरासाठी एक ओळ

शेवटी आबांचं कार्ड बंद झालं, आणि ते बंद करणारं बोट संपतचंच होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणी उगाच आशेला लागायचं नाही. आता हे झालंच नाही असं धरून पुढं जाऊ. संपतनंही तसंच धरलं होतं. मंगळवारी सकाळी सात पन्नासला शिरूरच्या भाड्याच्या खोलीत तोंडात ब्रश धरून तो उभा होता, तेव्हा त्याच्या डोक्यात बाप, कार्ड, बोट यातलं काहीही नव्हतं, फक्त खालच्या गाड्यावरची इडली होती. तेवढ्यात फोनवर फोटो आला. कुरकुंभच्या केमिकल कंपनीचं गेट, गेटाबाहेर फुलझाडांसाठी बांधलेला सिमेंटचा कट्टा, कट्ट्यावर आबा. डोक्यावर पिवळं हेल्मेट, मांडीवर डब्याची पिशवी, दोन्ही हात पिशवीवर, जसं काही कुणी पासपोर्टचा फोटो काढतंय. खाली गेटावरच्या वॉचमन पप्पूनं तीन शब्द लिहिले होते: ‘सर काका लाल.’ संपतनं फेस गिळला. पुदिन्याचा तो झोंबरा वास घशातून वर नाकात चढला आणि तिथंच बसला.

लाल म्हणजे काय, हे महाराष्ट्रात संपतइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते लाल त्यानंच केलेलं होतं. शिरूरच्या बाजारपेठेत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, सहा जणांचं त्यांचं ऑफिस. खाली नांगराचे फाळ, वर सॉफ्टवेअर. पण या ऑफिसात कोड कुणी लिहीत नसे; कोड लिहिणं तिथं हातानं भात कालवून पाहुण्याला भरवण्याइतकं अडाणी समजलं जाई. तिथं मॉडेल काढत. म्हणजे ज्या जागेसाठी सॉफ्टवेअर करायचं त्या जागेचं चित्र: चौकटी काढायच्या, चौकटी रेषांनी जोडायच्या, रेषेच्या टोकाला आकडा लिहायचा. एका कामगाराला भूमिका किती? एक. एका भूमिकेचे विभाग किती? एक. चित्र पुरं झालं की बटण दाबायचं, आणि यंत्र त्या चित्रावरून हजारो ओळींचा कोड आपला आपण जनरेट करायचं. चूक निघाली तर चित्र सुधारायचं, कोडला हात लावायचा नाही. कोडच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर तशी ताकीदच असे, की ही फाइल यंत्रानं तयार केली आहे, हातानं केलेला बदल पुढच्या खेपेला पुसला जाईल. आणि या सगळ्या मॉडेलांच्या वर बसलेलं असे मेटामॉडेल: चौकटी कशा असाव्यात हे सांगणारी चौकट. ते अनुपमा मॅडमच्या ताब्यात होतं. अनुपमा मॅडम ऑफिसच्या मालकीणबाई, वय छत्तीस, घरचा ऊस, वडील सोसायटीचे चेअरमन, आणि स्वतः मात्र देवधर्म सोडून मेटामॉडेलवर श्रद्धा ठेवून असलेल्या. त्यांच्या मेटामॉडेलात ‘इतर’ या शब्दाला बंदी होती. ‘इतर म्हणजे आपण विचार करायचा कंटाळा केला,’ असं त्या म्हणायच्या, आणि ते इतकं खरं वाटायचं की सहाही जण वहीत लिहून घ्यायचे.

अशा ठिकाणी पाच वर्षं काढली की माणसाची नजर बिघडते. संपतला लग्नपत्रिकेतल्या नावांमध्ये रेषा दिसायच्या. ‘समस्त ग्रामस्थ’ वाचून त्याचा जीव घाबरा व्हायचा, कारण त्या टोकाला आकडा नव्हता. गेल्या वर्षी मुलगी बघायला गेला तेव्हा तिच्या मामांनी विचारलं, की तुम्ही नेमकं करता काय, तर त्यानं पोह्यांच्या बशीशेजारी चौकटी काढून दाखवल्या. मामांनी चित्र पाहिलं आणि ‘मजूर कुठं हाय ह्यात?’ एवढंच विचारलं. लग्न जमलं नाही. संपतला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं, की मामांच्या प्रश्नाला उत्तर होतं आणि ते त्याला वेळेवर सुचलं नाही.

ऑफिसला पंक्चर झाल्याचा मेसेज टाकून तो मोटरसायकलवर बसला. शिरूर ते कुरकुंभ, न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला, पाटस, सव्वा तासाचा रस्ता, पण आज तो सव्वा तास लांबच लांब होत गेला, रबरासारखा. न्हावऱ्याच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या एकमेकींना मागं टाकायच्या प्रयत्नात अख्खा रस्ता अडवून सायकलच्या वेगानं चालल्या होत्या. त्यांच्या मागं क्लच धरून धरून त्याचा डावा पंजा आखडला. आबा सहा पन्नासला गेटावर येतात. म्हणजे एक तास तसेच बसले. आणखी सव्वा तास बसतील. फोन केला नाही. आबा फोन करत नाहीत. फोन वाजला तर उचलून कानाला लावतात आणि समोरचा बोलायचं थांबेपर्यंत गप्प राहतात. नाकातला पुदिना जाईना. रस्त्याकडेला कांद्याचे ढीग होते, पोल्ट्री होती, मेलेलं कुत्रं होतं, पण संपतला सगळा शिरूर तालुका टूथपेस्टचा लागत होता, आणि त्याला वाटलं, आबांचं नाक मला आलं असतं तर मी काय झालो असतो. मग वाटलं, तेच झालो असतो. लाल.

कारण आबा कंपनीत नोकरीला होते ते नाकाच्या जोरावर. बावीस वर्षांपूर्वी मेंढरं विकून ते हेल्पर म्हणून लागले, हातगाडीवर पिंपं ढकलायची. दुसऱ्या का तिसऱ्या महिन्यात नऊ नंबरच्या टाकीपाशी ते हातगाडी सोडून उभेच राहिले. सुपरवायझर ओरडला, तर म्हणाले, ‘हितं मेंढरू बसायचं न्हाई.’ सगळे हसले. मेंढरू जिथं बसत नाही तिथं जमिनीत काहीतरी वाईट असतं, हे घरात कुणी कुणाला शिकवत नसे, नुसतं माहीत असे. दुपारी त्याच टाकीच्या जोडावरून गळती सापडली. तेव्हाचे प्लँट मॅनेजर मारुतराव, आता रिटायर होऊन वारलेसुद्धा, त्यांनी आबांना हातगाडीवरून काढलं आणि सांगितलं, तुम्ही नुसतं फिरायचं. तेव्हापासून आबा फिरत होते. शिफ्ट सुरू झाली की सगळ्या टाक्यांना एक वळसा, वास आला तर दोन फिटरांना सांगायचं, फिटर पाने घेऊन जाणार, तपासणार. गेटावरच्या जुन्या रजिस्टरात पेनानं त्यांच्या नावापुढं ‘फेरी’ असं लिहिलेलं असे. रजिस्टरला काही अडचण नव्हती. रजिस्टरला मेटामॉडेल नव्हतं.

मेंढरं विकली तो दिवस संपतला आठवायचा तो आकड्यांवरून. मांडवगण फराट्याच्या वरच्या माळावर व्यापारी टेम्पोच्या फळीशी उभा राहून मोजत होता, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, आणि सात वर्षांचा संपत त्याच्याबरोबर मोजत होता, कारण त्याला शंभराच्या पुढंही येतं हे त्याला सगळ्यांना दाखवायचं होतं. दोघांचंही एकशे बारा भरलं. आबा मोजतच नव्हते. ते टेम्पोकडं नुसते बघत होते, आणि बघून म्हणाले, ‘त्या मुडक्या कानाच्या पाठचं न्हाई.’ व्यापारी म्हणाला, एकशे बारा ठरली, एकशे बारा भरली. आबा म्हणाले, व्हय, पण ते न्हाई. आणि खरंच बाभळीमागून एक मेंढरू निघालं, आणि टेम्पोत दुसऱ्याच कुणाचं एक निघालं, शेजारच्या कळपातलं. आकडा तोच राहिला. त्या दिवशी संपतला बापाची लाज वाटली होती, की यांना मोजता येत नाही. पुढं कॉलेजात क्लास आणि इन्स्टन्स शिकवायला लागले, म्हणजे मेंढरू नावाची कल्पना आणि खरोखरचं एकेक मेंढरू, तेव्हा सरांनी उदाहरण मोटारीचं दिलं, आणि संपत मागच्या बाकावर उगाचच अस्वस्थ होऊन खिडकीबाहेर बघत बसला.

मग दोन वर्षांपूर्वी याच कंपनीनं गेटाचं काम त्यांच्या ऑफिसला दिलं. कार्ड लावलं की यंत्र बघणार: हा कोण, याची भूमिका काय, त्या भूमिकेला कुठल्या भागात जायची मुभा, असली तर हिरवा, नसली तर लाल. संपतनं चारशे सोळा कामगार चौकटींत बसवले आणि चारशे सतराव्यापाशी त्याची हातगाडी थांबली. मीटिंगमध्ये त्यानं विषय काढला, बाप म्हणून नाही, ‘एक केस आहे’ म्हणून. एक असामी आहे, ती वास घेते. पाऊण तास चर्चा झाली. कुणी म्हणालं, असामीचं काम गळती ओळखणं असेल तर ती असामी नव्हे, सेन्सर. उपकरणांच्या चौकटीत टाका, उपकरणांना सगळीकडं मुभा असते. हे सगळ्यांना पटलं. आठ दिवस आबा मॉडेलमध्ये ‘फिरता गंध-सेन्सर, नग एक’ म्हणून होते, आणि खरं तर सुखात होते. पण उपकरणाला वीजपुरवठा लागतो, तो रकाना सक्तीचा. संपतनं ‘भाकरी’ लिहिलं, ते यंत्रानं घेतलं नाही. ‘पुढील तपासणी दिनांक’ हाही रकाना सक्तीचा होता, आणि ‘मोडीत काढण्याची तारीख’ हाही. त्या शेवटच्या रकान्यावर कर्सर लुकलुकत राहिला. संपतनं आबांना उपकरणांतून काढलं, पाणी प्यायला, दार लावून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा जनरेट झालेल्या कोडमध्ये हातानं एक ओळ घातली: कार्ड चारशे सतरा असेल तर काही विचारू नकोस, दार उघड.

ती ओळ अर्थातच पुसली जायची. मॉडेलमध्ये कुठं काही बदललं, की पुन्हा जनरेट, की नवा कोड, की आबा गायब. पण जनरेटचं बटण संपतच दाबायचा; दाबलं की लगेच ओळ परत घालायची, दहा सेकंदांचं काम. असं त्यानं एक्केचाळीस वेळा केलं. त्याला त्याची सवय झाली, दार ओढल्यावर कुलूप हलवून बघावं तशी. आणि गेल्या शुक्रवारी अनुपमा मॅडमनी जाहीर केलं, की इथून पुढं कुणी बटण दाबायचं नाही, मंगळवारपासून रोज सकाळी सहाला यंत्र आपलं आपण जनरेट करील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संपतनंही वाजवल्या. त्याला खरोखर आनंद झाला होता. आता पारगावच्या पुलावर, खाली भीमेचं पाणी आणि वर त्याचा आखडलेला पंजा, त्याला त्या टाळ्या ऐकू येत होत्या, आणि त्यातल्या आपल्या कुठल्या हे ओळखायचा तो प्रयत्न करत होता.

गेटावर पोचला तेव्हा साडेनऊ होत आले होते. आबा फोटोत होते तसेच होते. पप्पू धावत आला. म्हणाला, सर, मशीन न्हाई म्हणतंय, मी काय करू, मी बाजूच्या दारानं घेत होतो काकांना, पण काकाच नको म्हणाले.

‘का?’ संपतनं विचारलं.

‘म्हनले, मशीन पोराचं हाय.’

संपत कट्ट्यावर आबांशेजारी जाऊन बसला. आबांनी विचारलं, खाल्लं का काही. मग म्हणाले, लाल लागलंय, लागतंय कवा कवा, सिग्नलला न्हाई का लागत, पडंल हिरवा. पावणेतीन तास ते हिरवा पडायची वाट बघत होते. संपतला एकदम रडू येईल असं वाटलं, पण त्याच्याजवळ लॅपटॉप होता, आणि लॅपटॉप असला की माणसाला रडण्याआधी काहीतरी करून बघता येतं. त्यानं अनुपमा मॅडमना फोन लावला. काय सांगायचं ते रस्ताभर घोकलं होतं, तांत्रिक बिघाड, एक केस, तपासून बघतो. मॅडमनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘संपत, ती ओळ मला वर्षापूर्वी दिसली. चारशे सतराचं आणि तुझं आडनाव एकच आहे रे. मी वाट बघत होते, तू कधी सांगतोस.’ पुढं त्या रागावल्यासुद्धा नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, ओळ नको, ओळ उद्या सहाला जाईलच. व्याख्या दे. काम काय, आत काय येतं, बाहेर काय जातं. पाचच्या आत दे, नवी भूमिका मी स्वतः मंजूर करते. संपतला हे अपेक्षित नव्हतं. दोन वर्षं ज्या दाराला तो बाहेरून धडका देत होता ते दार आतून कडी न लावलेलंच होतं. त्यानं लॅपटॉप मांडीवर उघडला, नवी चौकट काढली, आणि उत्साहानं बापाकडं वळला.

‘ह्यो कसला फॉर्म?’ आबांनी विचारलं.

‘फॉर्म नाही, चौकट आहे. तुमच्यासाठी.’

‘मोठी हाय का?’

‘माणूस मावेल एवढी. आबा, तुमचं काम नेमकं सांगा.’

‘फिरतो.’

‘फिरून?’

‘वास घेतो.’

‘कसला? म्हणजे कुठल्या टाकीला कसला, ओळखता कसं, एकेक सांगा.’

पिशवीच्या बंदाला गाठ होती, ती आबांनी सोडली, पुन्हा मारली. आत कसलासा भोंगा झाला, पप्पूनं गेट उघडून टँकर घेतला, गेट लावलं. ‘घेत न्हाई,’ आबा म्हणाले.

‘काय घेत नाही?’

‘वास. करोना झाला तवाधरनं येतच न्हाई. तुझ्या आईचं कालवण करपलं तरी मला गोडच.’

संपतची बोटं कीबोर्डवर होती तशीच राहिली. चार वर्षं. त्यातली दोन वर्षं तो ओळ घालत होता. एक्केचाळीस वेळा त्यानं नियम मोडून, दार लावून, एका नसलेल्या नाकासाठी दार उघडून दिलं होतं. त्यानं विचारलं, मग टाक्यांचं कसं काय, गळत्या तर सापडत होत्या, गेल्याच महिन्यात सापडली. आबांनी सांगितलं, आणि ते इतकं बिनचूक टप्प्याटप्प्यानं सांगितलं की मीटिंगमध्ये कुणी असं कधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी ते दौंडला घरी जातात. शर्ट काढून मोरीत टाकतात. कुशाबाई, संपतची आई, तो धुवायला घेते आणि शर्ट नाकाशी धरते. म्हणते, आज नासक्या लसणाचा हाय. किंवा, आज गोडसर हाय, सुया टोचल्यागत. मग दुसऱ्या दिवशी आबा लसणाच्या टाकीपाशी जाऊन उभे राहतात आणि फिटरांना म्हणतात, हितं वास हाय. म्हणजे कंपनीचा सेन्सर दौंडला रेल्वे लाइनीपलीकडं, मोरीत होता, आणि तो एक दिवस उशिरा चालत होता.

‘आई गावाला गेली म्हणजे?’

‘मग अंदाजानं.’

‘अंदाजानं?’

‘येवढी मोठी कंपनी. कुठंतरी गळतंच की, बारीक न्हाईतर ठोक. कुठल्या बी टाकीचं नाव घ्यायचं. दोघं जातात, पाना लावून बघतात.’

‘आणि नाही निघालं तर?’

‘न्हाई तर न्हाई. बघून तर आली.’

संपतला हसू आलं आणि ते अर्ध्यात अडकलं. त्याला उठून चालायला जावंसं वाटत होतं, मोटरसायकलला किक मारून सोलापूरकडं सुटावंसं वाटत होतं, आणि एकीकडं त्याचा हात, पाच वर्षांच्या सवयीचा हात, रकाने भरत होता. भूमिका: गंध-निरीक्षक. काम: टाक्यांची फेरी. बाहेर जाणारं: गळती आहे किंवा नाही. खोटंच होतं, पण सुबक होतं. मॅडमना आवडलं असतं. पाठवण्याआधी त्यानं सवयीनं जनरेट करून बघितलं, नुसतं चाचणीसाठी, की ही चौकट आली तर बाकीच्या जगाचं काय होतं. जगानं लगेच स्वतःला नीट बसवून घेतलं. मेटामॉडेलात नियम होता, एका टाकीला दिवसाला एक तपासणी पुरे, दुसरी असेल तर वगळावी. यंत्रानं टाकी सहा ते अकरासमोर लिहिलं: गंध-निरीक्षकाकडून तपासणी पूर्ण. आणि खाली, दोन फिटरांच्या नावावर असलेल्या रोजच्या तपासणी फेरीपुढं: दुहेरी काम, वगळले. त्यानं रकाने मागंपुढं करून बघितले, नाव बदलून बघितलं, दोनदा पुन्हा जनरेट केलं. तिन्ही वेळा आबा आत आले आणि फिटर बाहेर गेले. चूक कुठंच नव्हती. आबांना चौकटीत बसवलं की आबा जे खरोखर करत होते तेवढंच नेमकं नाहीसं होत होतं.

त्यानं हे बापाला समजावून सांगितलं. रेषा, आकडे काही न सांगता. आबा स्क्रीनकडं बघत होते, टेम्पोकडं बघितलं होतं तसे.

‘म्हंजी मी आत गेलो की ती दोघं जायची न्हाईत?’

‘नाही.’

‘मग बघायचं कुनी?’

‘तुम्ही बघितलं असं लिहिलं जाईल.’

आबांनी हेल्मेट काढलं. कपाळावर त्याचा लाल वळ उठला होता. त्यांनी डोकं खाजवलं, आणि अगदी साध्या आवाजात, उद्या दूध जास्त लागेल असं सांगावं तसं, म्हणाले, ‘कुत्रं झोपलं तरी चालतंय रं. पन कुत्रं हाय म्हनून सगळीच झोपली, की लांडगा येतो. मला काढ तू.’

‘रिटायरला अजून दोन वर्षं आहेत तुमची.’

‘व्हय. मग करमायचं न्हाई मला. काढ.’

संपत म्हणाला, थांबा, काहीतरी मार्ग निघेल. त्यानं मार्ग शोधला. ओळ पुन्हा घालावी, तर उद्या सहाला जाणार. रोज सहा वाजून एक मिनिटानं उठून घालावी, तर ती फिरून सापडणार आणि बाप रोज सकाळी एक मिनिट नाहीसा होणार. हातगाडीवर परत घ्या म्हणावं, तर हातगाडीवाल्याला टाक्यांच्या भागात मुभा नाही. खरं सांगावं, तर बाईच्या नाकाचा आणि नवऱ्याच्या शर्टाचा रकाना जगात कुठल्या मॉडेलात नाही. फिटरांची फेरी मात्र राहिली पाहिजे होती, आणि ती राहायला चारशे सतराची जागा रिकामी लागत होती. बारा वाजले. पप्पूनं न मागता दोन चहा आणून दिले. आबांनी चहा फुंकून प्यायला आणि कप कुठं टाकायचा ते विचारलं. पुढचं एक मिनिट आपण झालंच नाही असं धरलेलं आहे, तेव्हा ते सोडून देऊ.

दौंडच्या रस्त्याला लागल्यावर आबा मागं हेल्मेट घालून बसले होते. हेल्मेट त्यांनी परत द्यायचं म्हणून गेटावर ठेवलं होतं, मग पप्पूनंच ते धावत येऊन पुन्हा त्यांच्या डोक्यावर घातलं होतं, वाटेत पोलीस असतात म्हणून. तीनचार किलोमीटरवर त्यांनी संपतच्या खांद्यावर बोट टोचलं. ‘थांब. वास येतोय.’ संपतनं गाडी कडेला घेतली. उतरला. पेट्रोलची नळी बघितली, टाकीखाली हात फिरवला, चेन बघितली, दोन्ही चाकं दाबून बघितली, वाकून, गुडघा टेकून, सगळं. हाताला काळं लागलं. काही नव्हतं. आबा रस्त्यापलीकडच्या उसाकडं बघत उभे होते. न्हाई का काही, म्हणाले. संपत नाही म्हणाला. बरं, म्हणाले, आणि मागं बसले. किक मारता मारता संपतच्या लक्षात आलं की पुदिना गेलाय. तापलेलं ऑइल होतं, उसाचा पाला होता, आणि मागून, खांद्यावरून, बापाच्या शर्टाचा वास येत होता, धुतलेला, उन्हाचा, निव्वळ साबणाचा.

घरी कुशाबाईनं आबा लवकर आले एवढं बघितलं आणि भात जास्त टाकला. आबा शर्ट न काढताच बसून राहिले. मोरीपाशी ती एकदा जाऊन आली, रिकाम्या बादलीकडं बघितलं, आणि नळ उगाचच घट्ट केला. संपतनं बाजेवर बसून लॅपटॉप उघडला. पाचाला अजून अवकाश होता. ऑफिसच्या सिस्टिममध्ये ‘बदलाची विनंती’ असा एक अर्ज असतो; आजवर त्यानं इतरांचे असे शेकडो अर्ज ‘व्याख्या अपुरी’ असा शेरा मारून बंद केले होते. त्यानं तो उघडला आणि न थांबता लिहिला:

प्रति, मेटामॉडेल समिती, शिरूर. विषय: एक चौकट वाढवून मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती की, मूळ आराखड्यात खालीलप्रमाणे एका चौकटीची भर घालण्यात यावी. चौकटीचे नाव: ठरलेले नाही. संख्या: एक. वीजपुरवठा: भाकरी. आत येणारे: काही नाही. बाहेर जाणारे: दोन माणसे हातातले काम टाकून, उठून बघायला जातात. अचूकता: विचारू नये. सदर चौकटीचा काही भाग दौंड येथे असून तो कपडे धुतो, त्यास कार्ड देण्याची आवश्यकता नाही. ही चौकट अन्य कोणत्याही चौकटीस रेषेने जोडू नये, तसेच ती असल्याच्या कारणाने अन्य कोणाचेही काम वगळण्यात येऊ नये. उपरोक्त भर घालणे नियमात बसत नसल्यास, पर्यायी विनंती अशी की, रोज सकाळी सहा वाजता कोड तयार करण्यापूर्वी यंत्राने एक मिनिट थांबावे, आणि कोणीही काही सांगितलेले नसताना, कोणतेही कारण नसताना, स्वतः जागेवरून उठून एकदा बघून यावे.